शनिवारची गोळी

पांढरकवडा
३ जून २०२४

चि. संघदीप,
सप्रेम जय भीम.

पार्सल उघडताना खिडकी उघडी ठेव. सालईचा डिंक आहे, वास दांडगा. पोस्टातल्या माणसानं तीनदा विचारलं की आत काय आहे, आणि डिंक म्हटल्यावर त्याला वाटलं बाळंतिणीच्या लाडवांचा. शेवटी सांगितलं की भाऊ, माझा भाचा पुण्यात प्रयोगशाळेत आहे, तो या डिंकावर पीएचडी करतोय. त्यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पावती घेऊन मुकाट्यानं बाहेर आले.

डिंक जमनीनं आणून दिला. टेकडीवर कोलामांचं पोड, म्हणजे वस्ती आहे, तिथली बाई, बाजाराच्या दिवशी येते. तिला म्हटलं पुण्याला पाठवायचा आहे, तर ती म्हणाली, पुण्यात लोबान मिळत नाही का? तुझ्यासाठी निम्मा पाठवला. निम्मा घरी ठेवलाय, पुन्हा लागला तर असावा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. व्यायामवाल्या मॅडमनी सांगितलं आहे की बोटं चालती ठेवा. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. चेंडू दाबून कोणाचं भलं होणार? त्यापेक्षा तुला पत्र लिहिते, निदान तुझी खबर तरी मिळेल. पण उत्तर कागदावरच दे. मोबाइलवर नुसता अंगठा पाठवलास तर बोलणार नाही. दहावी-बारावीची दोन वर्षं माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यास, तेवढं करायला हरकत नाही.

संधिवाताला तीन वर्षं झाली. सकाळी मूठ उघडेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागतो. मी कशाला घाबरत नाही हे तुला माहीत आहे. अंगणवाडी सुटली तर सुटली, भाकरी आमचे हे, तुझे मामाजी, थापतील, त्या नकाशासारख्या का होईनात. पण विहारातली रविवारची पेटी सुटली तर माझं काय होईल हे मला खरंच कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून रविवारच्या वंदनेनंतर पेटी मीच वाजवते. भाता ओढला आणि पहिला सूर लागला की आठवडाभराचं सगळं मागं पडतं. बाकी मला कुणी आत्या म्हणतं, कुणी सेविकाबाई म्हणतं. पेटीपुढे बसले की मी इंदू असते.

आणि नेमका रविवारच नासतोय. यवतमाळच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आहे, शनिवारी रात्री. चिठ्ठीवर शनिवार शब्दाला गोल केलाय. गोळी चांगली आहे म्हणतात, रोगाला धरून ठेवते. पण रविवारी डोकं गरगरतं, उलट्या होतात. परवा दुसऱ्या गाण्यातच उठून विहारामागच्या नालीवर जावं लागलं. शेजारच्या विमलताईंनी विचारलं, शनिवार धरला का? म्हटलं हो, गोळीचा. बाबांनी दीक्षेनंतर घरातले सगळे वार बंद केले, सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही. आता त्यांची लेक शनिवार पाळते.

बाबांनी दीक्षेच्याच दिवशी भगताच्या मुळ्या, पुड्या, गंडेदोरे, सगळं गठुडं करून नाल्यात टाकलं होतं. म्हणायचे, आपल्या घरात यापुढे मुळी नाही, गोळी. आणि त्यांचा नातू झाडाच्या डिंकावर पीएचडी करतो. ते असते तर तुला आधी कान धरून उभं केलं असतं आणि मग गावभर पेढे वाटले असते.

तुझ्या डिंकानं नक्की काय होतं ते मला समजेल असं लिही.

तुझी आत्या
इंदू

*

पुणे
२९ जून २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

पार्सल पोचलं. खिडकी उघडायला विसरलो. आता आमचा पूर्ण मजला उदबत्तीच्या कारखान्यासारखा दरवळतोय आणि गाईड मॅडम रोज विचारतात की तुझ्या आत्याचं पार्सल अजून इथंच आहे का.

तू विचारलंस म्हणून सांगतो. सूज ही मुळात वाईट गोष्ट नाही. काटा रुतला, जंतू शिरले की शरीर आपली माणसं तिकडे पाठवतं, त्या धावपळीनं जागा लाल होते, गरम होते, फुगते. काम झालं की सगळे परत जातात. तुझ्या संधिवातात काटाही नाही आणि जंतूही नाही, तरी बोलावणं जातच राहतं. वरात कधीच संपली आणि बँडवाले दारातून हलायला तयार नाहीत, उलट वाजवता वाजवता घराच्या भिंती पाडायला लागलेत, असं समज.

सालईच्या डिंकात काही आम्लं असतात. शरीरात सूज वाढवणारे पदार्थ ज्या यंत्रणेतून तयार होतात, त्या यंत्रणेतलं एक चाक ही आम्लं अडवतात. हळदीतही असं एक द्रव्य आहे, आल्यातही आहे. आज्जी मुरगळलेल्या पायाला हळदीचा लेप लावायची ते अगदीच खोटं नव्हतं. अडचण एवढीच की ही द्रव्यं पोटातून रक्तात फारशी उतरत नाहीत, बरीचशी तशीच बाहेर पडतात. तुपातेलाबरोबर दिली तर थोडी जास्त मुरतात.

आम्ही उंदरांच्या पंजात मुद्दाम संधिवातासारखी सूज आणतो, मग निम्म्यांना डिंकातला अर्क तेलातून देतो. पंजा पाण्याच्या नळीत बुडवला की पाणी किती चढलं त्यावरून सूज कळते. आत्या, तुझ्या जमनीच्या डिंकाचे उंदीर बघायला हवेस तू. जे उंदीर पाय टेकत नव्हते ते जाळीवर चढायला लागले. मी मॅडमना हाक मारून आणलं. त्यांनी दोनदा मोजून बघितलं. त्या रात्री मी झोपलोच नाही. सारखं वाटत होतं की हे तुझेच हात आहेत.

अजून माणसांवर फार थोडं काम झालंय, आणि तेही बहुतेक झिजेच्या गुडघेदुखीवर. तुझा आजार वेगळा आहे. म्हणून गोळी बंद करायची नाही. त्रासाचं डॉक्टरांच्या कानावर घाल. पण एक दिवस तुझ्यासाठी या झाडातून काहीतरी निघेल, आणि त्याच्या डबीवर माझं नाव असेल, असं मला वाटतं. हे गाईड मॅडमना सांगू नको.

तुझा
संघदीप

*

पांढरकवडा
५ ऑगस्ट २०२४

चि. संघदीप,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र तुझ्या मामाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बँडवाले पैसे घेतल्याबिगर जातीन कसे?" एवढंच कळलं त्यांना. मी मात्र ते पत्र चार-पाच वेळा वाचलं.

आता रागावू नको. घरात ठेवलेला निम्मा डिंक मी घेते आहे. तुपात कुटून, सकाळी आणि रात्री. उंदीर केवढा आणि मी केवढी, तेवढा अंदाज मला येतो. तुझे उंदीर जाळीवर चढतात तर त्यांच्याहून मी काही वाईट नाही. चव विचारू नको, विहारातली उदबत्ती चघळल्यासारखं वाटतं.

भगताकडून मी मुळी कधी घेतली नसती, मरायला टेकले असते तरी नाही. पण हे भगताचं नाही. हे पुण्याच्या प्रयोगशाळेतलं, मोजून बघितलेलं, माझ्या भाच्यानं. बाबा असते तर त्यांनीसुद्धा घेतलं असतं.

आणि ऐक, सूज उतरली. खोटं सांगत नाही. उजव्या हाताची मनगटाजवळची गाठ जवळजवळ गेली, बांगड्या चढल्या. दुखणंही अर्ध्यावर आलं. वर्षावास सुरू झालाय, पावसाळाभर रोज संध्याकाळी विहारात ग्रंथाचं वाचन असतं आणि रविवारी पेटी. गेले किती रविवार मी सलग वाजवतेय, एकदाही उठले नाही. डोकं गरगरत नाही, काही नाही. वंदनेनंतर लोक उठायला तयार नसतात. आपली निकिता, समोरच्या घरची, आता मागं बसून बोटांकडे टक लावून पाहते.

गोळ्यांचं म्हणशील तर गोळ्या डबीत आहेत, तू त्याची काळजी करू नको. तू तुझ्या अभ्यासाकडे बघ. तुझ्या मॅडमना सांग की पांढरकवड्याला एक मोठा उंदीर आहे आणि तो बरा होतोय. तुझ्या पुस्तकात माझं लिहिता येत असेल तर लिही, मला चालेल.

एक विचारायचं होतं. ते उंदीर बरे झाल्यावर त्यांचं पुढं काय करता? सोडून देता का?

तुझी आत्या
इंदू

*

पुणे
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

पत्र वाचून आधी घाबरलो आणि मग खोलीत एकटाच हसलो. कच्चा डिंक असा अंदाजानं खायचा नसतो. पोट बिघडलं, जुलाब झाले तर लगेच थांबव. आणि पुढच्या वेळी जाशील तेव्हा डॉक्टरांना सांग की हे घेतेस.

पण बांगड्या चढल्या हे वाक्य मी दिवसभर मनात घेऊन फिरलो. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, एका माणसाच्या बरं वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. पण त्यांनी तुझे हात पाहिलेले नाहीत, मी पाहिलेत. तुझं गरगरणं थांबलं हेही बरं झालं. काही दिवसांनी शरीराला गोळीची सवय होते म्हणतात, तसंच झालं असणार.

इथंही सगळं जमून येतंय. दुसऱ्या खेपेच्या उंदरांतही सूज तशीच उतरली. डिसेंबरात हैदराबादला एक परिषद आहे, तिथं मी हे मांडणार आहे. रात्री घरी जाताना तुझी गाणी ऐकतो, मागच्या वर्षी मोबाइलवर भरून घेतलेली.

उंदीर मजेत आहेत. तू त्यांची चिंता करू नको.

शनिवारची गोळी घेतेस ना?

तुझा
संघदीप

*

पांढरकवडा
२० ऑक्टोबर २०२४

चि. संघदीप,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. अक्षर मोठं आलंय, चष्म्याचा नंबर बदललाय, त्यामुळे एका कागदावर मावेल तेवढंच लिहिते.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप झाला. सकाळपासून विहार भरलेला. खीर झाली, राजूरहून तुझे बाबा आले होते, त्यांनी सगळ्यांना सांगितलं की माझा पोरगा शास्त्रज्ञ झाला. झाला नाही अजून. मी पेटीवर बसले. सगळ्या वर्षावासात मी एक रविवार चुकवला नाही, हे मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे. शेवटची दोन गाणी निकितानं वाजवली. म्हटलं तिलाही शिकू दे, आपण किती दिवस धरून बसायचं.

सूज नाही. सकाळी बोटं जरा उशिरा उघडतात, आणि उजव्या हाताची दोन बोटं काळ्या पट्टीवर नेमकी पडत नाहीत, शेजारी पडतात. थंडी सुरू झाली की तसं होतंच. जमनी डिंक देऊन गेली.

फोनवर सारखं गोळीचं विचारत जाऊ नको. तुझे मामाजी ऐकतात आणि मग माझ्यामागे लागतात.

उंदरांचं मी विचारलं होतं, तू नीट सांगितलं नाहीस.

आत्या

*

पुणे
११ नोव्हेंबर २०२४

आत्या,
जय भीम.

तू दोनदा विचारलंस, आता सांगतो. उंदीर सोडत नाहीत. प्रयोग संपला की त्यांना मारतात. त्यांचे पंजे कापून, हाडांचे पातळ काप करून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे मी तुला मुद्दाम सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून.

ते काप मागच्या आठवड्यात तयार झाले. ज्या उंदरांची सूज उतरली होती, जे जाळीवर चढत होते, त्यांचे काप मी पाहिले. आत्या, बाहेरून पंजे छान दिसत होते. आतली हाडं खाल्लेली होती. डिंक न दिलेल्या उंदरांच्या हाडांत आणि त्यांच्यात मला फरक दाखवता आला नाही. मॅडमनी काच काढली, पुसली, परत लावली. मग म्हणाल्या की सूज उतरली म्हणजे रोग गेला असं नसतं, संघदीप. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मला पाठ होतं.

डिंकानं बँडचा आवाज कमी केला, आणि ते भिंती पाडतच राहिले. भिंती वाचवते ती तुझी गोळी. डिंकाची सोबत असली तर असो, पण गोळी हवीच.

तुझी बोटं पट्टीच्या शेजारी पडतात हे मी वाचलं आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. यवतमाळला जा, हातांचा एक्स-रे काढ. मी निघालो असतो, पण प्रयोग पहिल्यापासून मांडावा लागतोय आणि डिसेंबरअखेरपर्यंत रजा नाही.

फोनवर तू हो हो म्हणतेस आणि फोन मामाजींच्या हातात देतेस. म्हणून कागदावर विचारतो. शनिवारची गोळी घेतेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

संघदीप

*

पांढरकवडा
६ जानेवारी २०२५

संघदीप बेटा,
जय भीम.

मी तुहा मामाजी उकंडा. मले कागद लिवाची सवय नाही, मी जसा बोलतो तसा लिवून राह्यलो. हायवेवर टायरच्या दुकानात बसूनच लिवतो, काळे डाग पडले तर समजून घेजो.

तुह्या आत्यानं तुह्या कागदाचं उत्तर लिवलं नाही. कारन ती लिवूच शकत नाही. आक्टोबरचा कागद तिनं तीन दिवस लिवला, मी पाह्यलं. चष्मा बिष्मा काही बदलला नाही. त्याच्यानंतर पेन धरनं बंद झालं. तुह्या उंदरांचा कागद वाचला अन् घडी करून ठेवून देला. दोन दिवस जेवली नाही. मले वाटलं उंदरं मारले म्हून वाईट वाटलं अशीन.

ख्रिसमसच्या सुट्टीत मीच तिले यवतमाळले घेऊन गेलतो. एक्स-रे काहाडला. डाक्टरनं तो उजेडात धरला. मग विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? मी म्हटलं, बंद नाही साहेब, दर शनवारी घेते. तवा ती खाली मान घालून म्हने, "जुलैपासून बंद आहे."

मी बाजूले बसलो होतो बेटा, अन् मले माहीत नव्हतं. दर शनवारी रात्री ती डबी उघडे, पानी पिये. मी पाहत होतो. गोळी पदरात जात होती.

डाक्टर रागावला नाही, त्याचंच मले जास्त वाईट वाटलं. त्यानं इचारलं, काहून बंद केली बाई? तिनं सांगतलं, शनवारी गोळी घेतली का रविवारी उलट्या, अन् रविवारीच विहारात पेटी वाजवाची रायते. डिंकानं सूज उतरली तवा वाटलं, आता गोळीचं काय काम.

मग तो जे बोलला ते मी तसंच लिवतो. "अहो, मग बुधवारी घ्यायची होती. कोणताही वार चालतो. आठवड्यातून एकदा, एवढंच."

ती म्हने, "चिठ्ठीवर शनवार लिवलं होतं."

तो म्हने, "लक्षात राहावं म्हणून लिहितो आम्ही."

घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हने, मले वाटलं थे सायन्स आहे, आपून त्याचा वार कसा बदलावा. वार पाळू नका म्हनत होता तिचा बाप, अन् तिनं डाक्टरचा शनवार पाळला. पाळता आला नाही तं गोळी सोडली, पन वार बदलला नाही.

डाक्टरनं सांगतलं का सांधे खाल्ले गेले. बोटं करंगळीकडे सरकले, ते आता सरळ होत नाहीत. नव्या गोळ्या देल्या, त्यानं गुडघे अन् खांदे वाचतीन. हात गेले ते गेले. भाता ओढाले डावा हात चालते, पन नुसता भाता ओढून काय करीन ती.

तुले राग यावा म्हून लिवलं नाही. तुले माहीत पाह्यजे म्हून लिवलं.

तुहा मामाजी
उकंडा

*

पुणे
२६ जानेवारी २०२५

आत्या,
जय भीम.

चार वेळा फोन केला, तू घेत नाहीस. म्हणून लिहितो.

तुझं जूनचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात सगळं आहे. शनिवारी गोळी, रविवारी उलट्या, रविवारी पेटी. तू एका परिच्छेदात लिहिलंयस, माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला समजेल असं. मी ते वाचलं आणि तुला दोन पानं उंदरांबद्दल लिहिली. एक ओळ लिहायला हवी होती की आत्या, वार बदल. मला ते माहीत होतं. औषधशास्त्र शिकलेल्या कोणालाही माहीत असतं. मी त्या ओळीवर थांबलोच नाही, कारण मला डिंकाकडे पोचायची घाई होती.

आणि मी तुझ्या बांगड्यांनी हुरळून गेलो. गरगरणं का थांबलं, हे मीच माझ्या सोयीनं ठरवून टाकलं. उंदराचा पंजा मी पाण्यात बुडवून मोजतो, तीनतीनदा मोजतो. तुझ्या हातांच्या बाबतीत मात्र मी पत्रातल्या एका वाक्यावर विश्वास ठेवला.

हैदराबादला गेलो नाही. मॅडम म्हणतात की डिंकाचा अर्क अजून मुरवता येईल, वेगळ्या रीतीनं देऊन बघता येईल, काम सोडू नको. द्रव्य खोटं नाही, आत्या. सूज खरंच उतरते. तेवढंच ते करतं. पण रोज सकाळी पिंजऱ्यापुढे उभा राहिलो की उंदराचा पंजा हातात धरवत नाही.

माफ कर असं लिहून खोडलं. ते फार सोपं झालं असतं.

फेब्रुवारीत यायचं म्हणतो. ये म्हणशील तर येतो.

संघदीप

*

पांढरकवडा
१६ फेब्रुवारी २०२५

चि. संघदीप,
सप्रेम जय भीम.

मी बोलते आहे आणि तुझे मामाजी लिहीत आहेत. मी सांगते ते तसंच लिहायचं, आपलं वऱ्हाडी घुसडायचं नाही, असं बजावून बसवलंय. त्यामुळे मध्ये कुठं अडलं तर ते त्यांचं आहे.

फोन घेतला नाही कारण फोनवर मला रडू येतं आणि तुलाही येईल, मग दोघांनाही काही बोलता यायचं नाही.

तुला दोष देत नाही असं मी लिहायला सांगणार होते. मामाजींनी तसं लिहायला सुरुवातही केली होती. पण ते खोटं होईल. थोडा देते. आधी स्वतःला देते, मग त्या चिठ्ठीवरच्या गोलाला, आणि मग तुला. (हे मी लिवलं नसतं बेटा, तिनं लिवाले लावलं. उकंडा.)

तू काम सोडू नको असं मला सांगता येत नाही, आणि सोड असंही नाही. ते तुझं तू बघ. एक मात्र कर. उंदरांचं पुढं काय होतं असं जो कोणी विचारेल, त्याला त्यांना मारतात हे पहिल्याच दिवशी सांगत जा. मला आधी माहीत असतं तर मी त्यांच्या आतलं काय निघालं ते विचारलं असतं. बरं झालेलं दिसणाऱ्याला कापून का बघायचं, एवढा प्रश्न मलाही पडला असता.

अंगणवाडी सोडली. मुलं हात बघून विचारायची की तुझी बोटं तिकडे कुठं चाललीत. मी म्हणायचे, माहेरी, राजूरला. भाकरी मामाजी थापतात. घास हातातून सुटतो म्हणून चमच्यानं खाते, तुझ्या लहानपणीचा तो स्टीलचा चमचा सापडला, त्यानं.

विहारात आता निकिता वाजवते. चांगली वाजवते, पण लयीत घाई करते आणि एक सूर नेहमी चुकवते. पहिल्यांदा चुकली तेव्हा माझा हात आपोआप पुढं गेला, दाखवायला. मग मागं घेतला. आता तोंडानं सांगते. तिला ते कळत नाही, बोटांचं शिकवणं तोंडानं होत नाही. पेटी आठवडाभर आपल्या घरी असायची, ती आता तुझ्याच घरी नेऊन ठेव म्हटलं तिला. घरात होती तेव्हा तिच्यावर धूळ बसलेली बघवायची नाही, आणि पुसायला फडकं धरता यायचं नाही.

जमनी परवा डिंक घेऊन आली होती. आता नको म्हटलं. तिनं माझे हात बघितले आणि मग डिंक तसाच उचलून घेऊन गेली.

गोळी आता बुधवारी रात्री घेते. गुरुवारी सगळं पूर्वीसारखंच होतं, गरगरतं, उलट्या होतात, दिवसभर पडून असते. पण गुरुवारी मला कुठं जायचं नसतं.

तू ये. फक्त गुरुवारी येऊ नको. रविवारी ये. रविवारी मी अगदी बरी असते.

तुझी आत्या
इंदू